मुठीच्या चुण्या

जेरुशाला वळण नाही, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. दार उघडायचं झालं की बुटाच्या टोकाने मला सरकवते, लावायचं झालं की टाचेने. हाताने म्हणून कधी उचलणार नाही. तीन पदव्या आहेत म्हणे तिच्याकडे. कॉलेजचे समारंभ ती बघते, आणि ही संग्रहालयाची खोली तिच्या गळ्यात मारलेलं जादा काम आहे. तिचं सगळं मी आजवर पोटात घातलं. पण आज सकाळी तिने जे मांडलंय, ते पोटात घालण्यासारखं नाही. टेबलावर चादर अंथरून तिने लेम्युएलचा शर्ट पसरलाय. शेजारी विजेची इस्त्री आणून ठेवलीय. आणि फोनवर सांगतेय, "हो सर, उद्या गव्हर्नर यायच्या आत काचेत लागलेला असेल. चुण्या ना? जातील की. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम!

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. विजेची नव्हे, बिडाची, सात पौंडांची. विलायतेतल्या नव्हे, इकडच्या दक्षिणेतल्या बर्मिंगहॅमच्या ओतशाळेत काळ्या माणसांच्या हातांनी मला ओतलं आणि काळ्याच हातांनी घासून माझं पोट गुळगुळीत केलं. तिथून मी साउथ कॅरोलिनातल्या या कॉलेजात आले. हे कॉलेज आमच्या लोकांचं. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी स्वतः विटा भाजून याची पहिली इमारत उभी केली, कारण गोऱ्यांच्या कॉलेजाच्या पायरीवरही आमच्या पोरांना उभं करत नसत. माझी जागा तळघरातल्या लाँड्रीत, कोळशाच्या शेगडीवर. डोक्यावर वर्ग भरायचे, प्रोफेसर बोलायचे, पण मला एक अक्षर आलं नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही. मी कापड वाचते. कोण कुठे बसला, कोण रडला, कोणाला कोणी मारलं, सगळं कापडावर असतं.

लाँड्रीची मालकीण म्हणजे लुवेनिया स्पाइव्ही. अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे तिला मिस लुवेनिया म्हणत आणि तिच्यासमोर शर्ट नीट खोचून उभे राहत. तिच्या आईचा जन्म गोऱ्यांचे कपडे धुण्यात गेला, आणि ज्यांचे कपडे धुतले त्यांनीच तिला मळकी म्हणून मागच्या दाराने आत घेतलं. लुवेनियाने ते गाठीला बांधून ठेवलं होतं. "आमचं पोर मळक्या कपड्यात दिसणार नाही," हा तिचा धर्म. विजेच्या इस्त्र्या आल्या तेव्हा तिने त्या खुशाल घेतल्या, पण कॉलर माझ्याच पोटाखाली घालायची. कडक खळ आणि तापलेलं बीड, यापुढे तिला दुसरं काही पसंत नव्हतं.

साठ साली पोरांनी ते सुरू केलं. गावातल्या मोठ्या दुकानात खाण्याचा काउंटर होता. आमच्या लोकांनी तिथे साबण घ्यावा, सुया घ्याव्यात, पण स्टुलावर बसून कॉफी मागू नये, असा नियम. पोरं जाऊन बसू लागली. त्यांचा आपापसात ठराव होता: मारलं तरी हात उचलायचा नाही, आणि जायचं ते रविवारी चर्चला जातो तशा कपड्यात. म्हणजे लाँड्रीवर रोज सकाळी रांग.

त्या रांगेत लेम्युएल सगळ्यात बडबड्या. तंबाखूच्या शेतावर राबणाऱ्या बाईचा मुलगा, शिकून मास्तर व्हायला आलेला. त्याच्याकडे पांढरा शर्ट एकच.

"मिस लुवेनिया, कॉलरला एवढी खळ घातलीत, मान हलवून नाही म्हणता येणार नाही."

"मग नाही म्हणू नकोस. बसून राहा."

"आणि त्यांनी डोक्यावर कॉफी ओतली तर?"

"डोकं तुझं. शर्टावर पडली तर घरी येऊन मला तोंड दाखवू नकोस."

सगळी रांग हसायची. संध्याकाळी तोच शर्ट परत यायचा. त्यावर मोहरीची चटणी, टोमॅटो, थुंकी, आणि एकदा पाठीवर सिगारेटने जाळलेला ठिपका. डाग थंड पाण्यात, वर मीठ. सकाळी शर्टाची परीटघडी तयार. त्यांनी घाण करायची आणि आम्ही रात्रीतून ती नाहीशी करायची, असं चार महिने चाललं. मला त्याचा अभिमान होता.

एका दिवेलागणीला पोरं गावातून रांगेने परत येत होती. कॉलेजच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे पोलीस उभे होते. पांगा म्हणाले, पोरं वळली आणि फाटकातून आत शिरू लागली. लेम्युएल मुलींना आधी आत घेत फाटक धरून थांबला आणि सगळ्यात शेवटी वळला. तेवढ्यात गोळ्या सुटल्या. एक त्याच्या पाठीत लागली. कॉलेजच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

दवाखान्याच्या नर्सने त्याचे कपडे गाठोडं करून लाँड्रीत पाठवले. कपडे लाँड्रीतच जातात, तिचं तरी काय चुकलं! लुवेनियाने गाठोडं सोडलं. ती रडली नाही. तिने नळ सोडला.

मी शेगडीवरून बघत होते. तीन पाणी बदललं. चौथं स्वच्छ आलं. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, करंगळी जाईल एवढं भोक होतं. लुवेनियाने चष्मा पुसला आणि शर्टाच्याच शिवणीतला दोरा काढून ते भोक रफू केलं, धाग्यात धागा घालून. बोट फिरवलं तरी कळू नये असं. मग खळ केली. मग मला उचललं. त्या भोकावरून मी तीनदा फिरले, मित्रांनो. गरम होते, जड होते, माझं काम मी चोख केलं. हे मी कोणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी लेम्युएलची आई आली, झिपोरा तिचं नाव. चर्चने दिलेला नवा सूट तिने मुलाला घालायला आणला होता. लुवेनियाने परीटघडीचा शर्ट दोन्ही हातांवर ठेवून तिच्यापुढे धरला. झिपोराने तो नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच धरला.

"यात माझं पोर नाहीये," ती म्हणाली. "नुसता साबण आहे."

तिच्या पाठोपाठ आमच्या बाजूचा वकील जिना उतरला. "शर्ट कुठंय, मिस लुवेनिया? पोलीस म्हणतात, मुलगा त्यांच्या अंगावर धावून गेला. सरकारी डॉक्टरने मढं पालथंसुद्धा न करता तसंच लिहून दिलंय. आपल्या माणसाच्या शब्दाला तिथे किंमत नाही. रक्तातला शर्ट तेवढा खोटं बोलणार नाही."

झिपोराच्या हातातल्या शर्टाकडे त्याने पाहिलं. तो पायरीवरच बसला.

"बाई," एवढंच म्हणाला, "हे काय केलंत?"

लुवेनिया म्हणाली, "जे रोज करते ते."

तीन महिन्यांनी खटला उभा राहिला. कोर्टात मी नव्हते. परत येऊन तिने शेगडीपाशी बसून सांगितलं ते असं. ती साक्षीला उभी राहिली. शर्ट हातात. ज्यूरीत बाराच्या बारा गोरे. पोलिसांच्या वकिलाने विचारलं, "मावशे, मला तर यात भोक दिसत नाही. तुला दिसतं?" तिथे आमच्या साठीच्या बाईलाही मावशेच म्हणत, मिस म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही.

"मी ते रफू केलंय," लुवेनिया म्हणाली. "पाठीवर. इथे."

"चांगलं काम आहे. आमच्या घरी ये कधी."

कोर्ट हसलं. तेव्हा तिने शर्ट तोंडाशी नेला, रफूची गाठ दातांनी तोडली, आणि धागा धागा ओढून ते भोक सगळ्यांसमोर मोकळं केलं. आपल्या हातचं काम आयुष्यात पहिल्यांदा उसवलं तिने.

पोलिसांचा वकील ज्यूरीकडे वळला. "पाहिलंत ना, सभ्य गृहस्थहो? भोक कोणी पाडलं ते?"

चाळीस मिनिटांत सगळे पोलीस निर्दोष सुटले. निकाल वाचून होईस्तोवर लुवेनियाने शर्ट उजव्या मुठीत आवळून धरला होता. खळ कडक होती. चुण्या पडल्या त्या पडल्याच.

त्या दिवसापासून तिने मला कधी शेगडीवर ठेवलं नाही. शर्टही पुन्हा पाण्यात घातला नाही. झिपोराने तो तसाच नेला आणि ट्रंकेत ठेवला. ती गेली, लुवेनिया गेली, लाँड्री बंद झाली. कोणीतरी मला वर आणून दाराला टेकवलं. साठ वर्षं झाली. परवा लेम्युएलची बहीण, ऐंशीच्या पुढची म्हातारी, काठी टेकत आली आणि शर्ट जेरुशाच्या हातात देऊन गेली. काही बोलली नाही. आमच्यात दुखण्याचं वर्णन करत नाहीत. तिला वाटलं असेल, शिकलेली पोर आहे, बघून समजेल.

मित्रांनो, तुमच्याही घरात आजीचं काही जुनं कापड असेल. धुण्याआधी विचारा, हा डाग कसला, ही घडी कोणाची. आम्ही विचारलं नाही.

जेरुशाने आता इस्त्रीची वायर भिंतीत खोचलीय. वाफ सुटायला लागलीय. ती डाव्या हाताने शर्ट चापूनचोपून सारखा करतेय. उजवा हात कडेला ठेवला, आणि तिची बोटं त्या चुण्यांत बसली. चार खळगे, आणि एक अंगठ्याचा. तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा तसाच बसला.

"हे काय?" ती स्वतःशीच म्हणाली.

आजवर मी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडते.

"मूठ आहे ती, बये. लुवेनिया स्पाइव्हीची. रक्त आम्ही धुतलं, तिने आणि मी, मायेने धुतलं, आणि त्या मायेने त्या पोलिसांना घरी पाठवलं. त्या कोर्टाला चाळीस मिनिटं लागली, मला साठ वर्षं लागली, पण माझा निकाल हा: आम्ही दोघी दोषी. आम्हाला माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. तुला आता माहीत आहे. गव्हर्नरला चुरगळलेला शर्ट बघू दे, नाक मुरडायचं तर मुरडू दे. आणि मला उद्यापासून लाथेने सरकवलंस तरी चालेल. पण आधी ती वायर काढ."