घागरीवरची रेघ

१९७३ च्या मे महिन्यात आम्ही पाथर्डीच्या बाजूला एका पाझर तलावाच्या कामावर गेलो. दुष्काळी काम होतं. तीनेकशे माणसं माती उपसत होती. मी रसायनशास्त्राची पदवीधर. माझं मोजमाप चोख असतं म्हणून नगरच्या एका कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या सरांनी मला साहाय्यक म्हणून घेतलं होतं.

जीपमध्ये सरांनी विषयाचा इतिहास सांगितला. पूर्वी गर्दीबद्दल नुसतं लिहिलं जाई, मग अभ्यासक प्रयोगशाळेत शिरले. महायुद्धानंतर त्यांना प्रश्न पडला, की चारचौघांत बसल्यावर साधा माणूस स्वतःच्या डोळ्यांना का सोडतो? वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत त्यावर रेघांचा प्रयोग झाला. नमुन्याच्या रेघेएवढी रेघ तीन रेघांतून ओळखायची. सगळे ठरवून चुकीची रेघ सांगतात, एकालाच काही ठाऊक नसतं. तिथे तीनातलं एक उत्तर गटामागे गेलं होतं.

"इथे जास्त जाईल," सर म्हणाले.

प्रयोगासाठी निवडलेल्या आठ बायकांना अक्षरं येत नव्हती, म्हणून तीन रेघांखाली मी विळा, घागर आणि चूल काढली. सात जणींना शिकवलं, की घागर बरोबर दिसली तरी चूल म्हणायचं.

"चूलच म्हनू," रतनबाई म्हणाली. "तिच्यावर ठिवायला काय न्हाई, निदान नाव तरी घिऊ."

आठवी लंकाबाई. तिला काही सांगायचं नव्हतं. सातवी केशरबाई ही तिची धाकटी जाऊ. लंकाबाईनंच तिला स्वतःच्या टोळीत घेतलं होतं. दोघी एकमेकींशिवाय घमेलं उचलत नसत.

केशरबाई जरा घुटमळली. "आक्काला वाईट न्हाई ना वाटायचं?"

"नाही," मी म्हणाले. "खेळ आहे."

मुकादमाच्या तंबूत मी पहिलं कार्ड धरलं. सात वेळा चूल आली. लंकाबाई सगळ्यांकडं बघून हसली. "येड्या झाल्या का गं? घागर."

दुसऱ्या कार्डाला तिनं केशरबाईकडं पाहिलं. केशरबाई जमिनीकडं बघत होती. लंकाबाईनं पुन्हा एकदा कार्ड पाहिलं. मग म्हणाली, "चूल."

त्यानंतर तिनं दर वेळी चूलच सांगितली. दहापैकी नऊ. सरांनी माझ्या कानाशी आकडा पुन्हा विचारला.

प्रयोग संपल्यावर खरं सांगायचं असतं. सर म्हणाले, आता नको, उद्या याच कामावर दुसरा गट आहे, बातमी फुटेल. मी तरीही सांगितलं. मग विचारलं, "डोळ्यांवरचा विश्वास गेला का, लंकाबाई?"

"डोळ्याला काय झालंय? घागरच हुती."

"मग चूल का म्हणालात?"

"सात जनी एकदम कशा चुकतील? मला वाटलं, मुकादमानं दम दिला आसंल. केशर तर मान वर करंना. म्हनलं, ह्यास्नी कायतरी भ्या हाय, मी एकलीच कशाला येगळी पडू? माझ्यामुळं ह्यांचं काम जायचं."

माझ्या तक्त्यात दोनच रकाने होते: 'स्वतंत्र' आणि 'गटाला शरण'.

लंकाबाई जावेकडं वळली. "तुला ठावं हुतं, केशर?"

"व्हय."

"पैल्यापासनं?"

"बाईंनी सांगितलं हुतं, आक्का. शिकल्याल्या हायेत. मला वाटलं..."

"बाईंचं सोड. त्या आज हायेत, उद्या न्हाईत. तू माझ्या शेजारी बसून माझी गंमत बघत हुतीस." आवाज चढला नव्हता. "मी तुझ्यासाठी खोटं बोलले, केशर."

रतनबाई उठून कामावर निघाली.

सर म्हणाले, उत्तर तेवढं महत्त्वाचं; ते का दिलं हे नोंदवायची पद्धत नाही. मी नऊ खुणा दुसऱ्या रकान्यात केल्या. त्या अचूक होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला लंकाबाई मुकादमाला म्हणाली, "मला पलीकडच्या टोळीत घाला." त्यानं कारण विचारलं नाही.

आम्ही दुसऱ्या गटाची कार्डं मांडत होतो. तंबूच्या फटीतून मला केशरबाई दिसली. भरलेलं घमेलं तिच्या पायाशी होतं. ते डोक्यावर चढवून द्यायला कुणी येईल म्हणून ती थांबली होती. मग एका अनोळखी बाईला तिनं हाक मारली.