पाच महिन्यांचं अंतर

स्थलांतर कार्यालयाचं पत्र तिने तीनदा वाचलं आणि मग ती स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटली. पत्राचा मजकूर सरळ होता. अर्जदार बाई आणि त्या ज्याला सहकुटुंब या देशात कायमचं आणू इच्छितात तो त्यांचा सख्खा भाऊ, या दोघांच्या जन्मतारखांत पाच महिन्यांचं अंतर आहे. एकाच आईच्या पोटी असं होणं संभवत नाही. सबब साठ दिवसांत खुलासा आणि मूळ पुरावा सादर करावा, अन्यथा अर्ज बंद करण्यात येईल.

अर्ज चौदा वर्षं रांगेत होता. चौदा वर्षांनी नंबर लागल्यावर त्या कार्यालयातल्या कुणीतरी दोन तारखांची वजाबाकी करून पाहिली होती. तिने ती कधीच केली नव्हती. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या दशांशावरून हाताखालच्या लोकांशी हुज्जत घालणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने त्या दोन तारखा एकाखाली एक लिहिल्या होत्या आणि तिला त्यात काही खटकलं नव्हतं.

खटकणार तरी कसं? घरात त्या तारखांची सवय झाली होती. वडील पुस्तकं बांधायचं काम करायचे. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवायचे, पण दोन मुलांसाठी पुस्तकांचे दोन संच घेणं त्यांच्या जिवावर यायचं. मग त्यांनी युक्ती काढली: दोघांना एकाच वर्गात घालायचं, म्हणजे एकच संच पुरेल. पोरांत वीस महिन्यांचं अंतर होतं आणि शाळेला वयाची अट होती. वडिलांनी कारकुनासमोर बसून मुलीचं वय नऊ महिन्यांनी कमी केलं, मुलाचं सहा महिन्यांनी वाढवलं. उरले पाच. कारकुनाने मान वर न करता लिहून घेतलं. पुढे प्रत्येक दाखल्यावर, प्रत्येक पासपोर्टावर तेच चढत गेलं. घरात वाढदिवस खऱ्या तारखांना व्हायचे, अर्ज शाळेच्या तारखांनी भरले जायचे, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वाटेत कधी आल्या नाहीत.

दहा वर्षं ती दोघं एका बाकावर, एका पुस्तकावर बसली. डावं पान तिच्याकडे, उजवं त्याच्याकडे. तिचं वाचून आधी व्हायचं. पान उलटायला ती बोट घालून थांबायची आणि तो ओठ हलवत ओळीओळीने खाली उतरत राहायचा.

त्या संध्याकाळी तिने हसत हसतच भावाला फोन लावला. त्याच्याकडे सकाळ होती. तो आता एकोणपन्नास वर्षांचा, पिकल्या मिशांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता, पण तिच्या लेखी अजून छोट्याच होता. पत्र ऐकून तोही खूप हसला. आईने विक्रमच केला म्हणायचा, म्हणाला. मागून भावजयीने विचारलं की मग आता तुम्ही आमच्या वन्संचे सख्खे की चुलत, आणि चुलत असाल तर आज भाजी तुम्ही आणा.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "पण होईल ना ताई? इतकी वर्षं थांबलोय."

"होईल," ती म्हणाली.

थांबलोय हे खरं होतं. भावाच्या न्हाणीघरातल्या सहा फरशा फुटून चौदा वर्षं झाली होती. आता जायचंच आहे म्हणून त्या कधी बदलल्या नाहीत. पाय घसरू नये म्हणून तिथे एक फळी टाकली होती आणि ती फळीसुद्धा आता तिसरी होती. नवा पंखा घ्या म्हटलं तरी तुमचे बंधू जायचंच आहे म्हणतात, असं भावजय दर फोनवर ऐकवायची. अर्ज केला तेव्हा भाची नऊ वर्षांची होती. आता ती तेवीसची, शाळेत शिकवायला लागलेली. वयात बसत नाही म्हणून तिचं नाव दोन वर्षांपूर्वी अर्जातून गळलं होतं. यायचं तर भाऊ, भावजय आणि धाकटा भाचा असे तिघं येणार होते, मुलगी मागे राहणार होती. त्याबद्दल भाऊ कधी बोलला नव्हता. भावजय एकदाच म्हणाली होती, की यांचा जीव तुमच्यापाशी अडकलाय वन्सं, ताई म्हातारपणी एकटी कशी राहील म्हणतात. आईने जाताना त्यांच्याकडून तसं कबूलच करून घेतलं होतं.

तेव्हा तिला ते बोलायची पद्धत वाटलं होतं. कारण आईने तिच्याकडूनही कबूल करून घेतलं होतं, छोट्याचं तिकडे मार्गी लाव म्हणून.

आणि तिने लावायला घेतलं होतं. बोलावणाऱ्याची मिळकत सगळ्यांना पोसण्याइतकी आहे, हे दरवर्षी कागदावर दिसावं लागतं. म्हणून ती प्रयोगशाळेच्या तळघरातल्या त्या खोलीत काम करत राहिली, जिथे खिडकी नव्हती आणि वीस अंशांवर चालणारी दोन कपाटं होती. तिचं मुख्य काम पाच दिवसांच्या चाचणीचं. नाल्याचं किंवा नदीचं पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली अंधारात ठेवायची. पाण्यात जे काही जिवंत असेल ते आतल्या आत श्वास घेत राहतं. पाचव्या दिवशी किती प्राणवायू उरलाय ते मोजायचं. एकोणीस वर्षं ती हे करत होती. घरी दोन खोल्या रिकाम्या होत्या. सहा वर्षांपूर्वी आता नंबर येणार अशी आवई उठली तेव्हा घेतलेल्या गाद्यांवर अजून प्लास्टिक होतं. उन्हाळ्यात त्या खोल्यांची दारं उघडली की तो वास घरभर यायचा.

पत्र आल्याला आठवडा झाला आणि तळ्यावरून फोन आला. तिच्या जुन्या वरिष्ठ, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, निवृत्तीनंतर एका तळ्याकाठच्या छोट्या संशोधन केंद्रात जाऊन बसल्या होत्या. त्यांना मदतनीस हवी होती. पहाटे होडीतून जायचं, सात ठिकाणचं पाणी काढायचं, तिथल्या तिथे तपासायचं. पगार आत्ताच्या एक तृतीयांश, आणि राहायला एक खोली.

"दोनदा विचारलं, तू भावाचा अर्ज सांगितलास," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे तिसरं. चौथ्यांदा विचारायला मी असेन असं धरून चालू नकोस. पुढच्या महिनाअखेर सांग."

त्या पगारात स्वतःसकट चार माणसं कागदावर बसत नव्हती. भाऊ किंवा तळं, दोन्हीतलं एकच.

दुसऱ्या दिवशी बाटल्यांची बुचं बसवताना तिच्या ध्यानात आलं, की तिला काहीच करावं लागणार नाही. अर्ज मागे घ्यायला नको, भावाला नाही म्हणायला नको, आईला दिलेला शब्द मोडायला नको. साठ दिवस नुसतं गप्प बसायचं. अर्ज आपोआप बंद पडेल आणि खापर फुटेल ते वडिलांच्या आणि त्या कारकुनाच्या माथ्यावर, ज्यांना आता कशाचंच सोयरसुतक नव्हतं. विचार आला तशी ती इतकी दचकली, की एका बाटलीत बुडबुडा राहिला आणि ते पाणी तिला ओतून द्यावं लागलं.

त्यानंतर भाऊ विचारायचा तेव्हा ती कागद गोळा करतेय असं सांगायची. हे खोटं होतं. तिने एकही कागद हलवला नव्हता. झोप मात्र उडाली होती. ती रोज कॅलेंडरवर दिवस मोजायची.

विसाव्या दिवशी भाऊच म्हणाला, की आईच्या पत्र्याच्या पेटीत प्रसूतिगृहाची दोन कार्डं सापडली आहेत. दोघांच्या खऱ्या तारखा, आईचं नाव, डॉक्टरांची सही, सगळं आहे. मग त्याने विचारलं,

"पाठवू का?"

दुसरं काय म्हणणार? पाठव म्हणाली. फोटो चालत नाही, मूळ कार्डंच लागतील हेही तिनेच सांगितलं, कारण नियमाबाबत खोटं बोलायची तिला सवय नव्हती. उद्याच पाठवतो, तो म्हणाला. फोन ठेवल्यावर ती रिकाम्या खोलीत जाऊन प्लास्टिकवर बसली. माणसं लिफ्टमध्ये अडकली की दार फाकवून त्यांना हात देणारा हा माणूस. आता तो इतक्या लांबून तिचं दार ओढून घेत होता, आणि तेही मायेने.

पण पाकीट येईना. भाऊ जे पाठवायचा ते कुरिअरने पाठवायचा. तिचा चष्मासुद्धा चार दिवसांत आला होता. तिसावा दिवस गेला, चाळिसावा गेला. तो विचारायचा, मिळालं का? ती म्हणायची, नाही अजून. मग दोघंही हवापाण्याचं बोलायची. पन्नासाव्या दिवशी तिला बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. मोठ्या बाईंना काय लिहायचं याची वाक्यं तिने मनात जुळवून ठेवली.

सत्तावन्नाव्या दिवशी ती कामावरून आली तर पाकीट दारात पडलेलं.

ती कोट न काढता टेबलापाशी बसली. आत दोन कार्डं होती, कडा झिजलेली. वीस महिन्यांचं अंतर, सहीशिक्क्यानिशी. चिठ्ठी नव्हती. मग तिने पाकीट उलटं करून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. त्यावर साधी तिकिटं होती. साध्या टपालाला तिकडून इकडे पाच ते सहा आठवडे लागतात हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तर कुरिअर. आणि शिक्क्यावरची तारीख, तो उद्याच पाठवतो म्हणाला त्यानंतर सोळा दिवसांची होती. तिने हिशेब केला. नेहमीच्या चालीने हे पाकीट मुदत उलटल्यावर अकरा ते अठरा दिवसांनी यायला हवं होतं. टपालखात्याने नेमका यावेळी उत्साह दाखवला होता.

म्हणजे सोळा दिवस ती कार्डं त्याच्याही घरात नुसती पडून होती. म्हणजे तोही दिवस मोजत होता.

फोन वाजला. त्याचाच होता.

"मिळालं का गं?"

कार्डं समोर होती. एकोणीस वर्षांत तिने एकही मोजमाप खोटं लिहिलं नव्हतं. वाईट आकडा आला तर वाईट लिहिला होता, वरिष्ठांनी डोळे वटारले तरी.

"नाही," ती म्हणाली. "नाही आलं अजून."

पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला, लांब, ओझं जमिनीवर ठेवल्यासारखा.

"साध्या टपालाने टाकलं मी," तो हळूच म्हणाला. "कुरिअरवाला बंद होता."

"सोळा दिवस?"

हे तिच्या तोंडून निघून गेलं. पाकीट न पाहता तिला सोळा कुठून कळले, हे त्याने विचारायला हवं होतं. ती फोन कानाशी घट्ट धरून त्या प्रश्नाची वाट पाहत राहिली.

"हो," तो म्हणाला. "सोळा."

स्वयंपाकघरातला फ्रीज घरघरत होता. तिने एका बोटाने कार्डं जुळवली, एकावर एक.

"ताई, तू एकटी..." तो म्हणाला.

"मला तळ्यावर काम मिळतंय," ती म्हणाली. "तिथे माणसं आहेत. होडी आहे."

"होडी? तुला पोहता कुठे येतं?"

"होडी असते म्हणूनच."

तो हसला. मग म्हणाला, "बरं मग. तोवर मी जरा न्हाणीघराच्या फरशा बघून येतो म्हणतो."

"कुठल्या रंगाच्या?"

"पांढऱ्या नकोत. कळकट होतात."

"निळसर घे," ती म्हणाली. "आणि सहाच बसवू नकोस, सगळ्या काढ."

फोन ठेवल्यावरही ती बसून राहिली. कोट अजून अंगातच होता. मुदतीचे तीन दिवस उरले होते आणि कार्यालय तिच्या प्रयोगशाळेपासून चार थांब्यांवर होतं. तिने कार्डं पाकिटात घातली, ओट्याच्या खणात ठेवली, खण लावला. मग उठून पुन्हा उघडला, ती आहेत ना ते पाहिलं, आणि मोठ्या बाईंना पत्र लिहायला कागद शोधू लागली.