दोन पक्ष्यांचा खण

साल १९९२. "पायाचा एवढासा तुकडा हवाय, सर. तांदळाच्या दाण्याएवढा," प्रयोगशाळेतून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संग्रहालयाच्या पक्षीविभागात मी चिठ्ठ्या लिहायची. पेंढा भरलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी: कुठला, कधीचा, कोणी मारला. सर आमचे विभागप्रमुख. तुकडा हवा होता ती लांब चोचीची नर-मादीची जोडी त्यांनीच पंचविशीत एका बेटावर टिपली होती. त्यानंतर तसा पक्षी कुणालाच दिसला नाही. "अहो, साधे शिंजीरच ते, बेटावरचे. ढिगाने आहेत शिंजीर," सर म्हणत. कुणी विचारलेलं नसतानाही म्हणत.

"चोच बघ ना, पोरी. जीभ बघ. सगळं शिंजिराचं," सर डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

"फुलातला मध प्यायचा तर चोच तशीच होणार, सर. नाकावरून नातं ठरलं असतं तर आमचा पोस्टमन माझा सख्खा भाऊ झाला असता!"

मी हसले. सर हसले नाहीत. "मग कशावरून ठरवणार?"

"डीएनएवरून. याचा आणि शिंजिराचा शेजारी-शेजारी मांडायचा आणि फरक मोजायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्यात बारीक बदल होत जातात. फरक जितके जास्त, तितकी ताटातूट जुनी."

सरांनी चिमटा स्वतःच हातात घेतला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. बसल्या नाहीत. "शिंजीर नाहीत, सर. कुणाचेच जवळचे नाहीत. फार जुनी, एकटीच फांदी. तिच्यावर शेवटी हेच..." पुढचं त्यांनी गिळलं.

त्या गेल्यावर सर खिडकीपाशी गेले. "नर आधी मिळाला होता, बाई," ते मला म्हणाले. "मादी घरट्यावर बसली होती. म्हटलं, जोडी पुरी होईल." मग म्हणाले, "नवा खण काढा."

एका कुळाला एक खण, ही आमची रीत. चाळीस पक्षी मावतील अशा खणात मी ते दोघे ठेवले.

डॉक्टरीणबाई पुढे मोठ्या विद्यापीठात गेल्या; अजून पत्र येतं. मी निवृत्त होऊनही वीस वर्षं झाली. सर माझ्या आधीच निवृत्त झाले, पण पाय चालत होते तोवर दर बुधवारी येत. खण उघडायला सांगत. पक्ष्यांकडे पाहत नसत. खणात अंथरलेल्या, रिकाम्या राहिलेल्या पांढऱ्या कागदावरून बोट फिरवत विचारत, "इथे आणखी कोण कोण असलं असतं, बाई?"

त्यांनी बोट उचललं की मी खण हळूच आत ढकलत असे.