चार बोटांची फट

“एकाही फळीवर आकडा कसा नाही हो, आई?” वादळात खिडक्यांवर लावायची तेरावी फळी भिंतीला टेकवत सून म्हणाली.

“आकडे शिकाऊंना लागतात, असं सांगायचे तुझे सासरे. आता भोगा,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

सासरे, म्हणजे गल्लीचे मिस्त्री, स्टुलावर बसून स्वतःचे हात परक्याच्या वस्तूसारखे न्याहाळत होते. दोन वर्षांत एकेक नाव त्यांच्यातून ओघळून गेले होते, बायकोचेही. वादळ संध्याकाळी यायचे होते. उजेड पितळी झाला होता आणि पानही हलत नव्हते.

“तीनपर्यंत खिडक्या बंद झाल्या नाहीत तर शाळेत मुक्कामाला जायचं. ह्यांनी फोनवर बजावलंय,” सून म्हणाली.

परक्या जागी मिस्त्री दार शोधत फिरत. दवाखान्यात त्यांचे हात पलंगाला बांधले होते. ते दृश्य मिस्त्रीणबाईंना या जन्मी पुन्हा पाहायचे नव्हते.

त्यांनी हंडे भरले, कंदिलाची काच पुसली. भरल्या भांड्यागणिक मन निवत गेले. चाळीस वर्षांत हे छप्पर एकदाही गळले नव्हते, आणि आपण त्याला कधी बरे म्हटले नव्हते. मग त्यांनी मिस्त्रींच्या तळहातावर स्क्रूड्रायव्हर ठेवला.

मिस्त्री उठले. अंगठा फळ्यांच्या कडांवरून फिरला. एक बाजूला सारली, दुसरी उचलली. खिडकीमागून खिडकी मिटली. घर डोळा लागल्यासारखे अंधारत गेले.

“बाबा, ही उलटी लागली.”

“उलटी तू.”

सून हसू लागली.

शेवटी स्वयंपाकघराची खिडकी. तिथे दर वादळात वर चार बोटे फट राही. ‘मिस्त्रीच्याच घरची फळी आखूड’ हा मिस्त्रीणबाईंचा जुना टोमणा.

“बाबा, फट राहिली. पाणी येईल.”

“येऊ दे. इथे ती बसते. बाहेर दिसलं नाही की जीव घाबरतो तिचा.”

“ती कोण?”

मिस्त्रींनी ओठांतला स्क्रू काढला. बराच वेळ शोधले.

“नाव... राहू दे. पण बसते ती इथे.”

मिस्त्रीणबाईंनी फटीखाली फडक्याची घडी ठेवली, स्टूल ओढले आणि त्या बसल्या. चार बोटे उजेड त्यांच्या डोळ्यांवर आला. बाहेर पहिले पान हलले.

माप जुळल्यावर सुतार पाहतो, तसे मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि उरलेला स्क्रू खिशात टाकला.