बुडणारा बर्फ

१९७२ सालच्या खंडेनवमीला शिपाई रुखमाबाईंनी नागपूरच्या त्या मुलींच्या कॉलेजातली रसायनशाळा अशी घासली, की बघणाऱ्याने बघत राहावं. बर्नरना झेंडूच्या माळा, बाटल्यांना अंघोळ, आणि वजनाच्या नाजूक काट्याला हळदकुंकू लावून वर चमचाभर गोडेतेल. आयुधांची पूजा करायची तर हात आखडून कसं चालेल?

दसऱ्यानंतर तिथली प्राध्यापिका प्रमोदिनी समस्थानिकं, म्हणजे आयसोटोप, शिकवण्यासाठी जड पाणी काढायला गेली, तर बाटलीवरची चिठ्ठीच धुऊन निघालेली. शेजारच्या साध्या पाण्याच्या बाटलीचीही तीच गत. दोन्ही बाटल्या सारख्या, पाणीही सारखंच नितळ. वजन करून बघावं, तर तेल प्यायलेला काटा जागचा हलेना.

विभागप्रमुख मधुकरराव भडकलेच. "किती खटपटींनी मिळवलं होतं ते! सापडलं नाही तर रुखमाबाईंनी उद्यापासून यायचं नाही."

रुखमाबाईंचे डोळे भरून आले. "मी तं पूजेसाठीच धुतलं जी बाई. पाणी ते पाणी, त्यात काहून फरक राहीन?"

प्रमोदिनीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. "सर, तास होऊ द्या. मुलींसमोरच शोधते."

तिने दोन्ही बाटल्यांतलं थोडंथोडं पाणी फ्रिजमध्ये गोठवलं आणि बर्फाचे दोन खडे घेऊन वर्गात गेली.

"कोणता कोणत्या पाण्याचा, मलाही माहीत नाही," तिने सरळ सांगून टाकलं. मुली खूश! "दोन्हींत हायड्रोजनच आहे. प्रोटॉन एकच, म्हणून स्वभाव जवळपास तोच. पण जड पाण्यातल्या हायड्रोजनच्या पोटात एक न्यूट्रॉन जास्तीचा. डोळ्यांना दिसत नाही, वजनात मात्र लपत नाही. म्हणून साधा बर्फ पाण्यावर तरंगेल, जड पाण्याचा बुडेल."

पहिला खडा तिने गार पाण्याच्या चंचुपात्रात सोडला. तो तरंगला. दाराशी रुखमाबाईंनी पदर तोंडात धरला. दुसराही तरंगला तर?

दुसरा खडा पडला आणि खाली, खाली जात थेट तळाशी बसला.

"बुडला जी बाई, बुडला!" रुखमाबाई ओरडल्या. वर्गभर टाळ्या. काहीतरी बुडाल्याचा एवढा आनंद त्या कॉलेजात कुणाला झाला नसेल. मागे उभे असलेले मधुकरराव पुढे आले आणि वाकून तो तळाशी बसलेला बर्फ लहान मुलासारखे बघत राहिले. मग भान आलं तसं त्यांनी चेहरा कडक केला.

"रुखमाबाई, उद्या वेळेवर या."