आरशाकडे पाठ

"मान ढिली सोडा बाई. मी काही उपटून नेत नाही," आई म्हणाली.

खुर्चीतल्या निवृत्त शिक्षिका हसल्या आणि त्यांनी मान सोडली. खुर्ची भिंतीकडे वळवलेली होती आणि मागच्या आरशावर करड्या रंगाची चादर टाकलेली होती. आईच्या दुकानातला हा नियमच होता. आजारपणात, औषधांनी केस गेलेली माणसे तिच्याकडे केसांचा टोप करून घ्यायला येत. टोप डोक्यावर नीट बसेपर्यंत त्यांना आपले उघडे डोके दिसता कामा नये, म्हणून खुर्ची वळवलेली. "आणि माणूस चुकून वळून बघतंच," म्हणून वर आरसाही झाकलेला.

"आधी डोकं, मग चेहरा," ती म्हणायची. "चेहरा गिऱ्हाइकाचा. डोकं माझं."

मोजमापाची फीत ती नंतर घ्यायची, आधी हात. गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून दोन्ही अंगठे कानांमागच्या हाडावर ठेवायची, बोटे मानेच्या वरच्या उंचवट्यापर्यंत न्यायची, तिथून टाळूवर, मग कपाळाच्या कडेशी. डोके कुठे चपटे आहे, कुठे एका अंगाला कललेले आहे, हे तिच्या हातांत उतरले की मगच फीत. मग त्या मापाचे लाकडी डोके काढून, त्यावर जिथे हवे तिथे कापसाच्या पट्ट्या बसवून ती ते त्या माणसासारखे करायची. भिंतीवरच्या फळीवर अशी डोकी ओळीने मांडलेली असत. नाक नाही, डोळे नाहीत. लहानपणी मला त्यांची भीती वाटली नाही, कारण आई त्यांच्याशी घरच्यासारखी बोलायची. "या वकीलसाहेबांचं एक टेंगूळ राहिलंय बघ," असे काहीतरी.

त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत तिचा डबा घेऊन आले होते. शिक्षिकांच्या डोक्यावर टोप बसला, आईने केस विंचरले, तळव्याने हलकेच थोपटले आणि म्हणाली, "झालं." मग खुर्ची फिरवली आणि चादर ओढली. यानंतरचे तिचे वाक्य ठरलेले असे: बघा, आलात की नाही परत?

ते वाक्य आले नाही. ती आरशात बघत राहिली. मग मला हळूच विचारले, "या दोघी कोण गं?"

शिक्षिकांना ती थट्टाच वाटली. "अहो, मला तरी कुठे ओळखू येतंय," असे म्हणत त्या डोळे पुसत हसत होत्या. आरशात त्या होत्या आणि त्यांच्या मागे आई होती. मी डबा खाली ठेवला.

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकची कवटी होती. त्यांनी तिचे झाकण उघडून उजव्या कानाच्या मागे, आतल्या बाजूला बोट ठेवले. "बारीक गुठळी होती. डोळे उत्तम आहेत. नाक दिसतं, ओठ दिसतात, पण त्यांची बेरीज होत नाही. ती इथे होते."

आईने कवटी हातात घेऊन फिरवली. "हे कुणाचंच डोकं नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत."

"कारखान्यातलं आहे, आजी."

"मग बरोबर," आई म्हणाली आणि कवटी जपून परत ठेवली.

सुरुवातीला ती मला आवाजावरून ओळखायची. मी दारातूनच "आई, मी" असे म्हणायचे. चेहरा कसा दिसतो, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "टोपाच्या जाळीवर एक केस ओवला की आधीचा सुटावा, तसं. नाकाकडे बघितलं की डोळे सुटतात."

दुकान बंद झाले, पण आमचे घर दुकानाच्याच मागच्या दोन खोल्यांत असल्यामुळे खुर्ची, आरसा, डोकी सगळे जागच्या जागी राहिले. मी छापखान्यात मुद्रिते तपासायला जाई तेव्हा एक बाई आईला सांभाळायला येत. आम्ही त्यांना ताई म्हणत असू.

मग आईचे कान गेले. आधीपासून मंद होतेच. कानातले यंत्र शिट्टी मारते म्हणून ती ते काढून फण्यांच्या खणात लपवायची. ताई शोधून आणायच्या, ती पुन्हा लपवायची. पुढे यंत्र असूनही काही उपयोग होईना, आणि एका संध्याकाळी मी दारातून "आई, मी" म्हणाले, तेव्हा ती अदबीने उठून उभी राहिली.

"या बाई. वेळ घेतली होती का?"

मी मान हलवली. दुसरे काय करणार?

"बसा. घरी कोण असतं तुमच्या?"

मी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "आई असते."

"बरं आहे मग," ती म्हणाली. "आई असली की बरं असतं."

असे किती दिवस गेले, ते मी मोजले नाही. ती माझ्याशी चांगलीच वागायची. आमच्या घरात एवढ्या आदराने मला कधीच कुणी वागवले नव्हते. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात," म्हणायची. रात्री पांघरूण घातले की आभार मानायची. मला मात्र तिने एकदा तरी रागावून हाक मारावी, एवढेच हवे होते.

एकदा ती हट्टालाच पेटली. "उभ्या का बाई? बसा ना खुर्चीत. माप तर घेऊ दे."

मी बसले. समोर भिंत, मागे ती. तिचे अंगठे माझ्या कानांमागे आले. बोटे वर सरकली, मागच्या उंचवट्याशी पोचली आणि त्याच्या खाली, थोडी डावीकडे थांबली. तिथे माझ्या डोक्याला एक खळगा आहे, असे ती नेहमी सांगायची. मी लहानपणी तो खूप चाचपला होता, मला कधी लागला नाही. "तुला नाही सापडणार," ती म्हणायची. "स्वतःच्या डोक्यावर हात उलटा पडतो." मग बोटे टाळूवर गेली. तिथे मला दोन भोवरे आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने. माझी चाळिशी उलटल्यावरही ती म्हणायची, "दोन लिहिलीत म्हणे. एकाचा तरी पत्ता लागू दे."

हात थांबले होते.

"आलीस?" आई म्हणाली.

"आले."

"आज उशीर केलास."

"काम होतं, आई."

तिला ऐकू येणे शक्य नव्हते. पण तिची बोटे माझ्या कानशिलांवर होती. बोलताना तिथला स्नायू हलतो. तेवढ्यावरून तिला कळे, की मी काहीतरी उत्तर दिले. "हं," ती म्हणाली. "खाल्लंस का?"

मी न राहवून वळले. तिने हात काढून घेतले. "हलू नका, बाई. माप चुकतं."

तेव्हापासून आमच्या संध्याकाळी अशाच झाल्या. घरी आले की मी चप्पल काढून सरळ खुर्चीत बसायचे. मागून हात यायचे, आणि मग "आलीस?" मी तिला सगळे सांगायचे. कुणाच्या लेखात किती चुका होत्या, फाटकापाशी कोण भांडत होते. ती कानशिलांवर बोटे ठेवून "हं, हं" करायची. मध्येच म्हणायची, "दात खाऊ नकोस गं, इथे गाठ येते." मी खरोखरच दात आवळलेले असायचे.

ही सगळ्यांनाच असे म्हणत असेल का, अशी शंका मला आली होती. ती ताईंनी मिटवली. एक दिवस मी यायच्या आत त्या गंमत म्हणून खुर्चीत बसल्या.

"मग? काय म्हणाली?"

"काय म्हणणार? म्हणाल्या, 'बाई, डोकं मोठं आहे, जाळी जास्त लागेल.' सासूनंसुद्धा कधी एवढं तोंडावर सांगितलं नव्हतं."

त्या रात्री आठवण येऊन मी एकटीच हसले. आणि मग दुसरीच गोष्ट मनात घर करून बसली. ती "आलीस?" म्हणते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो? पूर्वी मी दारातून आत आले की तिच्या भुवया आधी वर जायच्या आणि मग ती रागावल्यासारखे करायची. आताही तसेच होत असेल का? तिने मला ओळखावे यासाठी मला तिच्याकडे पाठ करावी लागत होती. मी वळले की मी गिऱ्हाईक.

म्हणून एका संध्याकाळी मी खुर्ची आरशाकडे फिरवली आणि चादर काढली. त्या खुर्चीची शिस्त तिच्यानंतर मलाच सगळ्यात जास्त ठाऊक होती.

ती आली. खाली बघतच तिने अंगठे टेकवले. खळगा. भोवरे. मी डोळे वर केले. आरशात तिच्या भुवया हळूहळू वर चढत होत्या, ओठ उघडत होते. आणि त्याच क्षणी तिनेही वर पाहिले.

समोर दोन अनोळखी बायका होत्या.

हात निघाले. तिने घाईघाईने खांद्यावरची शाल ओढली आणि आरशावर टाकली. शाल घसरली, तिने पुन्हा टाकली. "माफ करा बाई. आरसा उघडा राहिला. माझ्याकडे असं कधी होत नाही."

"असू दे," मी म्हणाले.

"मन घट्ट करा," ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "केस येतात परत. सगळ्यांचे येतात." त्या संध्याकाळी तिने माझ्या डोक्याला पुन्हा हात लावला नाही. माझ्या डोक्यावर भरपूर केस होते, पण मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. बराच वेळ काही झाले नाही. मग अंगठे आले, बोटे आली, आणि मागून आवाज आला, "आलीस?" समोर फळीवरची डोकी माझ्याकडे बघत होती, म्हणजे बघण्यासारखे त्यांना काही नव्हतेच. मी "आले" म्हणाले. आरसा पुन्हा उघडला नाही.

ती दुपारच्या झोपेत गेली. ताईंचा फोन आला तेव्हा मी एक लांबलचक वाक्य तपासत होते. घरी पोचले तर मावशी आधीच आलेली. तिने मला पलंगापाशी नेले.

"ये. तोंड बघून घे आईचं."

मी बघितले. मला बेरीज करता येत होती. नाक, ओठ, मिटलेले डोळे, सगळे मिळून माझी आईच होती. पण त्या चेहऱ्याने मला गेले कित्येक महिने ओळखले नव्हते, आणि माझे पाय आपोआप उशाकडे वळले. पलंग भिंतीपासून थोडा पुढे ओढलेला होता. मी त्या फटीत जाऊन उभी राहिले. तिच्या मागे उभी राहण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. तिच्या मागे कधी कुणी उभे राहिले होते की नाही, कोण जाणे.

अंगठे तिच्या कानांमागे ठेवले. बोटे खाली उशीकडे नेली. उंचवटा लागला. त्याच्या खाली, थोडे डावीकडे, बोटाचे टोक बसेल एवढा खळगा होता.

मी पुन्हा चाचपला. हात उलटा पडत नव्हता.

"काय शोधतेस गं?" मावशीने विचारले.

"काही नाही. उशी सारखी करतेय."

ताईंनी फणी दिली. मी आईचे केस मागून पुढे विंचरले, खळगा नीट झाकला. तळव्याने हलकेच थोपटले.

"झालं," मी म्हणाले.