सरळ जा, डॉनल!

शप्पथ! देवाची शप्पथ, माझ्या दोन्ही पात्यांची शप्पथ! यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोललो तर वाळवी लागो मला!

मी एक जुना लाकडी पंखा आहे. छताचा नव्हे हो, विमानाचा! आता आयर्लंडमधल्या नावन गावात डॉक्टर शुभदाच्या घरी भिंतीवर लटकतोय. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथूनच जवळ एका मैदानावर सैन्यातली पोरं विमान शिकायची, तिथे मला जुंपलं होतं. मी असा गरगरायचो, मित्रांनो, की आजूबाजूच्या गाई दुधाऐवजी थेट ताकच द्यायच्या!

मैदान मात्र वाईट. लढाई राहिली लांब, पोरं शिकतानाच मरायची. शिकवणारे साहेब त्यांना नावाने हाकसुद्धा मारायचे नाहीत. ‘शत्रू’ म्हणायचे! का, तर खऱ्या शत्रूपेक्षा जास्त विमानं हीच मोडतात.

माझ्या विमानावर डॉनल होता. अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. एकदा उतरताना त्याने चाकं मोडली.

“काय शत्रू, आमचं अजून एक पाडलंस?” साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं.

“पुन्हा नाही मोडणार, सर.”

“मोडलंस तर घरी जा आणि बटाटे खण!”

सगळे हसले. डॉनलही हसला, पण कान लालबुंद झाले.

दुसऱ्या दिवशी तो एकटा उडाला. जेमतेम कुंपण ओलांडलं आणि इंजिन बंद! मी जागच्या जागी थांबलो. अशा वेळी सरळ पुढे जायचं, समोरच्या शेतात घुसायचं. विमान मोडतं, माणूस वाचतो. मागे वळलं की वेग जातो आणि विमान धोंड्यासारखं खाली येतं.

खालून मेकॅनिक बोंबलत होता, “सरळ जा, डॉनल! सरळ!”

समोर सलगमाचं खडबडीत शेत. तिथे चाकं मोडणारच होती.

“पुन्हा नाही मोडणार,” डॉनल पुटपुटला आणि मैदानाकडे मागे वळला.

आम्ही कुंपणात कोसळलो. माझं एक पातं तुटलं. डॉनल काट्यांतून उठला, अंग झटकलं आणि म्हणाला, “चहा मिळेल का?”

मेकॅनिकने मला घरी नेलं, पातं चिकटवलं. तो गेल्यावर मी माळ्यावर धूळ खात पडलो. पुढे ते घर शुभदाने घेतलं आणि मला पुसून भिंतीवर लावलं.

आता तिची लेक रेवा विमान शिकतेय. काल तोंड फुगवून घरी आली.

“लँडिंग जरा बम्पी झालं, तर युअर मॅन, तो माय इन्स्ट्रक्टर गं, सगळ्यांसमोर हसला. नेक्स्ट टाइम नॉट अ स्क्रॅच, आई!”

“अगं, विमान गेलं खड्ड्यात! तू धड ये.”

“आय’ल बी ग्रँड. काही होत नाही मला.”

हे मी आधी ऐकलंय. मित्रांनो, शिकणाऱ्याला हसू नका रे. आणि रेवा भेटली तर सांगा तिला, मोडू दे विमान. लाकूड चिकटवता येतं.

आता शप्पथ घेतलीच आहे, तर एक कबूल करतो. एवढंच मनचं घातलं होतं. कुंपणातून चहा मागायला कुणी उठलंच नाही.